आकाशाची शीव आणि विमानाचा वेग

गावाची शीव ओळखायला जमिनीवर काही ना काही खूण असते; एखादा ओढा, बांध, शेंदूर फासलेला दगड किंवा निदान एखादे जुने झाड दोन गावांची हद्द सांगत उभे असते. प्रवासी विमाने ज्या आकाशातून जातात त्यातही अशा शिवा आखलेल्या आहेत, आणि त्या गावांच्या शिवांहून पुष्कळ गुंतागुंतीच्या आहेत, कारण त्या लांबी-रुंदीबरोबर उंचीनुसारही बदलतात, एकीवर एक रचलेल्या असतात आणि ओलांडताच विमानाला लागू होणारे नियम, विशेषतः वेगाची कमाल मर्यादा, बदलून टाकतात. कॉकपिटच्या काचेतून मात्र त्यांतली एकही दिसत नाही. कायद्याच्या दृष्टीने वेगमर्यादा पाळण्याची जबाबदारी वैमानिकाची असते. परंतु आपण कोणत्या हद्दीत आहोत हे त्याला कधी नकाशा सांगतो, कधी संगणक, कधी जमिनीवरचा नियंत्रक, आणि कधी यांपैकी कोणीच सांगत नाही. ही व्यवस्था कशी घडली, ती प्रत्यक्षात कशी चालते आणि तिच्यात फट कुठे राहते, हे समजून घेण्यासाठी अमेरिकेचे उदाहरण विशेष उपयोगी पडते, कारण तिथल्या कायद्यात हद्दी आणि वेग यांची सांगड आकड्यांनिशी घातलेली आहे आणि त्यातील बहुतेक तरतुदींमागे एकेका अपघाताचा इतिहास आहे.

वेग म्हणजे नेमका कोणता वेग

विमानाचा वेग 'नॉट' या एककात मोजतात. तासाला एक सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर, एवढा वेग म्हणजे एक नॉट. त्या हिशेबाने २५० नॉट म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर होतात. हा आकडा कोणत्या वेगाचा, हे मात्र आधी ठरवावे लागते. विमानाच्या नाकाजवळ पुढे तोंड करून बसवलेल्या 'पिटो' नावाच्या बारीक नळीत समोरून येणारी हवा दाबली जाते आणि त्या दाबावरून कॉकपिटमधील वेगमापक जो आकडा दाखवतो त्याला दर्शक वेग म्हणतात. उंचावर हवा विरळ होत जात असल्यामुळे तेवढाच दाब निर्माण व्हायला विमानाला अधिक वेगाने जावे लागते. म्हणून १०,००० फुटांवर वेगमापकात २५० नॉट दिसत असताना हवेतून जाण्याचा खरा वेग सुमारे २९० नॉट, म्हणजे ताशी ५३५ किलोमीटरांच्या आसपास असतो. त्यात वाऱ्याचा जोर मिळवला किंवा वजा केला की जमिनीच्या संदर्भातील वेग मिळतो.

हा फरक केवळ तांत्रिक नाही. कायद्यातील मर्यादा दर्शक वेगाची आहे, कारण विमान हवेत तरंगते ते त्या दाबाच्या बळावर आणि वैमानिकाच्या डोळ्यांपुढे असतो तोही तोच आकडा. नियंत्रकाच्या रडारच्या पडद्यावर उमटतो तो मात्र जमिनीच्या संदर्भातील वेग. विमानाच्या पाठीमागून जोराचा वारा असेल तर पडद्यावर ३२० नॉट दिसत असतानाही विमान मर्यादेच्या आत असू शकते, आणि समोरून वारा असेल तर २४० दिसत असतानाही मर्यादा ओलांडलेली असू शकते. त्यामुळे वेगमर्यादेवर बाहेरून अचूक पहारा ठेवणे अवघड असते आणि ती पाळण्याचा भार मुख्यतः कॉकपिटमधील दोन माणसांवर येऊन पडतो.

मर्यादेमागचे अपघात

१९५० च्या दशकापर्यंत अमेरिकेच्या आकाशाचा बराच मोठा भाग 'पाहा आणि टाळा' या तत्त्वावर चालत असे, म्हणजे दुसरे विमान डोळ्यांनी पाहून त्याच्यापासून दूर राहणे हे वैमानिकाचे काम होते. ३० जून १९५६ रोजी ग्रँड कॅन्यनच्या आकाशात टीडब्ल्यूए कंपनीचे सुपर कॉन्स्टेलेशन आणि युनायटेड कंपनीचे डीसी-७ ही विमाने एकमेकांवर आदळून दोन्ही विमानांतील सर्व १२८ जण मृत्युमुखी पडले, आणि या तत्त्वाच्या मर्यादा सगळ्या देशाला कळल्या. त्यानंतर १९५८ च्या कायद्याने जी संघीय विमान वाहतूक संस्था उभी राहिली तीच आज 'एफएए' या आद्याक्षरांनी ओळखली जाते.

वेगाचा प्रश्न ऐरणीवर आला तो १६ डिसेंबर १९६० रोजी न्यूयॉर्कवर झालेल्या टकरीमुळे. शिकागोहून आयडलवाइल्ड विमानतळाकडे, म्हणजे आजच्या केनेडी विमानतळाकडे, निघालेले युनायटेडचे डीसी-८ हे नवे जेट विमान आणि लाग्वार्डिया विमानतळाकडे येणारे टीडब्ल्यूएचे सुपर कॉन्स्टेलेशन स्टॅटन बेटावर ढगांमध्ये एकमेकांवर आदळले. विमानांतील १२८ आणि जमिनीवरील ६ असे एकूण १३४ लोक मेले. डीसी-८ चे अवशेष ब्रुकलिनच्या भरवस्तीत पडले. डीसी-८ ला 'प्रेस्टन' नावाच्या ठरावीक बिंदूपाशी घिरट्या घालत थांबण्याची सूचना होती, पण ते तो बिंदू ओलांडून सुमारे ११ मैल पुढे, दुसऱ्या विमानाच्या वाट्याच्या आकाशात जाऊन पोहोचले होते. तपासात तीन गोष्टी पुढे आल्या: दिशा दाखवणाऱ्या दोन रेडिओ यंत्रांपैकी एक बंद होते आणि ते नियंत्रकाला कळवलेले नव्हते, नियंत्रकाने मार्ग जवळचा करून दिल्यामुळे प्रेस्टन बिंदू पूर्वीच्या अंदाजापेक्षा लवकर येणार होता, आणि विमान त्या भागासाठी फार जास्त वेगात होते.

या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या तर हद्दीचे भान आणि वेग यांचे नाते उलगडते. आपण कुठे आहोत याबद्दल काही क्षणांचा गैरसमज प्रत्येक माणसाच्या हातून होऊ शकतो. तो गैरसमज किती मैलांचा होईल, हे मात्र वेग ठरवतो. पंख्यांच्या विमानांच्या काळात जी चूक दोन-तीन मैलांत सावरता आली असती ती जेटच्या वेगाने एका विमानतळाच्या वाटेवरून दुसऱ्या विमानतळाच्या वाटेवर घेऊन गेली. या अपघातानंतर अमेरिकेत विमानतळांकडे येणाऱ्या विमानांवर कमी उंचीवर २५० नॉटांची मर्यादा आली आणि पुढे ती समुद्रसपाटीपासून १०,००० फुटांखाली उडणाऱ्या सर्व विमानांना लागू झाली. आज भारतासह अनेक देशांत १०,००० फूट आणि २५० नॉट ही जोडी वैमानिकांच्या अंगवळणी पडलेली आहे.

उलटी उतरंड

वेग आवरला तरी मोठ्या विमानतळांभोवती लहान खासगी विमाने आणि मोठी जेट विमाने यांची सरमिसळ कायम होती. अशा विमानतळांभोवतीचे आकाश राखीव करून परवानगीशिवाय तिथे कोणालाही येऊ न देण्याची पद्धत अमेरिकेत १९७० च्या सुमारास सुरू झाली. २५ सप्टेंबर १९७८ रोजी सॅन दिएगो येथे पीएसए कंपनीचे बोइंग ७२७ हे विमान सेस्ना १७२ या लहान विमानावर मागून आदळले आणि १४४ लोक मेले. सेस्ना दिसत असल्याचे जेटच्या वैमानिकांनी नियंत्रकाला सांगितले होते, पण नंतर ते त्यांच्या नजरेतून निसटले होते. ३१ ऑगस्ट १९८६ रोजी लॉस एंजेलिसजवळ सेरिटोस या उपनगरावर एरोमेक्सिकोचे डीसी-९ आणि पायपर जातीचे एक लहान विमान यांची टक्कर होऊन ८२ जण मेले. तिथे लहान विमान राखीव हद्दीत परवानगीशिवाय, बहुधा नकळत, शिरले होते आणि आपली उंची रडारला कळवणारे यंत्र त्याच्यात नव्हते. या दुसऱ्या अपघातानंतर मोठ्या प्रवासी विमानांत टक्कर टाळण्याची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली, आणि अशा विमानतळांच्या ३० सागरी मैलांच्या परिघात, काही अपवाद वगळता, प्रत्येक विमानाला उंची कळवणारा ट्रान्सपॉन्डर बाळगावा लागू लागला.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने आकाशाचे 'ए' पासून 'जी' पर्यंत सात वर्ग ठरवले आहेत. ही नावे अमेरिकेने सप्टेंबर १९९३ पासून स्वीकारली, त्यांतील 'एफ' हा वर्ग मात्र तिथे वापरला जात नाही. १८,००० फुटांपासून वर 'ए' वर्ग सुरू होतो, जिथे प्रत्येक विमान नियंत्रकाच्या आज्ञेने आणि उपकरणांच्या आधारे उडते. सर्वांत गजबजलेल्या विमानतळांभोवतीचा 'बी' वर्ग हा या लेखाचा खरा विषय आहे. मध्यम गर्दीच्या विमानतळांभोवती 'सी' आणि त्याहून लहान, परंतु नियंत्रण मनोरा असलेल्या विमानतळांभोवती 'डी' वर्ग असतो.

'बी' वर्गाचा आकार कळण्यासाठी जुन्या घरांतली मडक्यांची उतरंड आठवावी, जिच्यात सर्वांत मोठे मडके तळाला आणि लहान होत जाणारी मडकी वर रचलेली असत. ही उतरंड उलटी केली की तळाला अरुंद आणि वर जाईल तसे रुंद होत जाणारे जे रूप दिसेल, साधारण तसाच हा वर्ग असतो. धावपट्टीच्या आसपासच्या लहान वर्तुळात तो थेट जमिनीपासून सुरू होतो; त्याबाहेरच्या कड्यात त्याचा तळ एखाद-दोन हजार फूट उंचीवर, त्याही बाहेर तीन-चार हजार फुटांवर, असा पायरीपायरीने वर चढत जातो, आणि माथा बहुतेक ठिकाणी १०,००० फुटांच्या आसपास असतो. रचना अशी असण्याचे कारण साधे आहे. विमान धावपट्टीकडे साधारण तीन अंशांच्या उताराने, म्हणजे दर सागरी मैलामागे सुमारे ३०० फूट, खाली येते. त्यामुळे विमानतळापासून जसजसे दूर जावे तसतशी मोठ्या विमानांना लागणारी जागा उंच सरकते, आणि खालची मोकळी जागा लहान विमानांना परवानगीवाचून वापरू देता येते. प्रत्यक्षातील कडी गोल नसून डोंगर, शेजारचे विमानतळ आणि धावपट्ट्यांच्या दिशा यांनुसार वेडीवाकडी कापलेली असतात, त्यामुळे न्यूयॉर्कची उतरंड डेन्व्हरच्या उतरंडीसारखी नसते. डेन्व्हरचा विमानतळच समुद्रसपाटीपासून ५,४०० फुटांहून उंच असल्यामुळे १०,००० फुटांची वेगमर्यादा तिथे जमिनीपासून अवघ्या साडेचार हजार फुटांवर संपते, आणि तिथल्या 'बी' वर्गाचा माथाही १२,००० फुटांवर नेलेला आहे.

अडीचशे आणि दोनशे

अमेरिकेच्या नियमांनुसार १०,००० फुटांखाली कमाल दर्शक वेग २५० नॉट असतो. 'सी' किंवा 'डी' वर्गाच्या मुख्य विमानतळापासून चार सागरी मैलांच्या आत आणि जमिनीपासून २,५०० फुटांपर्यंतच्या उंचीत ही मर्यादा २०० नॉटांवर येते. मात्र नियंत्रक तिथे जास्त वेगाची परवानगी देऊ शकतो. 'बी' वर्गाच्या तळाखाली, म्हणजे उलट्या उतरंडीच्या छायेत असलेल्या मोकळ्या आकाशात, मर्यादा पुन्हा २०० नॉट आहे. प्रत्यक्ष 'बी' वर्गाच्या आत मात्र विमान जमिनीच्या कितीही जवळ असले तरी नियमाने २५० नॉटांपर्यंत जाता येते.

धावपट्टीपासून जवळ आणि खाली असताना जास्त वेग चालतो, पण दूर आणि बाजूला असताना कमी वेग ठेवावा लागतो, हे प्रथमदर्शनी उलटे वाटते. त्याचे कारण आकाशात कोण आहे याच्याशी निगडित आहे. 'बी' वर्गाच्या आत असलेले प्रत्येक विमान नियंत्रकाच्या परवानगीने आलेले असते आणि त्याला इतरांपासून दूर ठेवण्याचे काम नियंत्रक करतो. तळाखालच्या आकाशात मात्र कोणाशीही न बोलता उडणारे सेस्ना, शिकाऊ वैमानिक आणि हेलिकॉप्टरे कायदेशीरपणे असू शकतात; तिथे शेवटचा आधार पुन्हा डोळ्यांचाच असतो. अमेरिकी मार्गदर्शक पत्रकानुसार समोरचे विमान दिसल्यापासून ते ओळखणे, टकरीचा धोका जाणणे, निर्णय घेणे आणि विमान प्रत्यक्ष वळणे यांना मिळून साधारण साडेबारा सेकंद लागतात. २५० नॉटांचे जेट आणि ११० नॉटांचे लहान विमान समोरासमोर येत असतील तर तेवढ्या वेळात त्यांच्यातले सव्वादोन किलोमीटरांहून अधिक अंतर संपते, आणि एवढ्या अंतरावरून लहान विमान म्हणजे धुक्याच्या पार्श्वभूमीवरचा एक ठिपका असतो. वळणाचा हिशेब तर अधिकच कठोर आहे, कारण वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: २५ अंश कलून वळणाऱ्या विमानाला २०० नॉटांवर सुमारे २.३ किलोमीटर, तर २५० नॉटांवर सुमारे ३.६ किलोमीटर त्रिज्येचे वळण घ्यावे लागते.

मोठ्या विमानाच्या दृष्टीने २०० हा आकडा अडचणीच्या जागी येतो. पंखांच्या मागच्या-पुढच्या कडांवरील फ्लॅप आणि स्लॅट हे हलते भाग पूर्ण आत असताना विमानाला सुरक्षितपणे उडण्यासाठी जो किमान वेग लागतो तो बोइंग ७३७ किंवा एअरबस ए३२० जातीच्या विमानांत, वजनानुसार, बहुधा २०० ते २२० नॉटांच्या दरम्यान असतो. म्हणजे २०० च्या खाली राहायचे तर फ्लॅपची पहिली पायरी तरी बाहेर काढावी लागते. तसे केले की हवेचा विरोध, इंधनाचा खर्च आणि आवाज तिन्ही वाढतात. त्यामुळे वैमानिक ही क्रिया शक्य तितकी पुढे ढकलू पाहतो. तळाची रेषा नेमकी कुठे आहे हे ठाऊक नसेल, तर ही पुढे ढकललेली क्रिया बरोबर त्या रेषेखालीच येऊन पडते.

रेषा कोण दाखवतो

समजा, एखादे विमान विमानतळापासून १८ सागरी मैलांवर असून तिथे 'बी' वर्गाचा तळ ४,००० फुटांवर आहे. आकाश निरभ्र आहे, धावपट्टी दिसत असल्याचे वैमानिकांनी सांगितले आहे, आणि नियंत्रकाने त्यांना नजरेच्या आधारे उतरण्याची परवानगी दिली आहे. इथून पुढे उंची किती ठेवायची हे बऱ्याच अंशी वैमानिकाच्या हाती येते. वेग २१० नॉट आहे, फ्लॅप अजून आत आहेत, आणि आधीच खाली आलेले बरे म्हणून विमान ३,५०० फुटांवर उतरवले जाते. कॉकपिटमध्ये कोणताही इशारा वाजत नाही, पडद्यावर एकही रेषा ओलांडलेली दिसत नाही, बाहेरचे आकाश आधीसारखेच निळे असते. पण विमान उतरंडीच्या तळाखाली गेलेले असते, तिथली मर्यादा २०० नॉट असते आणि नियंत्रकाशी न बोलणाऱ्या विमानांच्या गर्दीत ते शिरलेले असते.

असे होण्यामागे निष्काळजीपणापेक्षा माहितीच्या मांडणीचा वाटा मोठा असतो. २५० नॉटांची मर्यादा कॉकपिटच्या हाडीमांसी भिनलेली आहे. मार्ग आणि वेग सांभाळणाऱ्या उड्डाण संगणकात १०,००० फुटांवर २५० हा आकडा आधीच भरलेला असतो आणि विमान त्या उंचीकडे येताना आपोआप नाक वर करून वेग उतरवते. त्या उंचीला विमान पोहोचले की एक वैमानिक तसे मोठ्याने म्हणतो, दुसरा दुजोरा देतो आणि उतरण्याचे दिवे लावले जातात. १९८१ पासून अमेरिकी नियमांनुसार १०,००० फुटांखाली कॉकपिटमध्ये कामाव्यतिरिक्त बोलण्यासही मनाई आहे. 'बी' वर्गाच्या तळासाठी मात्र यांपैकी काहीही नसते. लहान विमानांच्या वैमानिकांसाठी छापलेल्या नकाशांवर त्याची कडी ठळक निळ्या रेषांनी आखलेली असतात, कारण त्यांना त्या हद्दीबाहेर राहायचे असते. विमान कंपन्यांचे वैमानिक ज्या उतरण्याच्या तक्त्यांवर काम करतात त्यांवर ठरावीक मार्ग, उंची आणि अडथळे असतात, आणि 'बी' वर्गाचे स्वतंत्र चित्र बहुधा वेगळ्या पानावर असते, जे गर्दीच्या वेळी उघडले जाण्याची शक्यता कमीच.

ही उणीव भरून काढण्याची अपेक्षा नियंत्रकाकडून आहे. शक्यतो मोठ्या जेट विमानांना 'बी' वर्गाच्या आतच ठेवावे, आणि दिशा देताना विमान त्याबाहेर जात असेल तर बाहेर जाताना आणि पुन्हा आत येताना तसे वैमानिकाला कळवावे, असे नियंत्रकांच्या नियमपुस्तिकेत आहे. परंतु नियंत्रक जेव्हा ओळीने दहा विमाने उतरवत असतो तेव्हा हे वाक्य राहून जाऊ शकते. आणि नजरेच्या आधारे उतरण्याची परवानगी दिल्यावर विमान कधी खाली येईल हे त्याच्याही हातात उरत नाही. नियंत्रकाला वाटते की वैमानिक तळावर लक्ष ठेवून आहे, आणि वैमानिकाला वाटते की नियंत्रक आपल्याला आतच ठेवत आहे. प्रत्येकाच्या मते काम दुसऱ्याच्या हाती असते, आणि रेषा मात्र कोणाच्याच नजरेत नसते.

जिथे हद्द कायमची डोळ्यांपुढे आहे तिथे ही चूक क्वचित होते. शिकागोच्या मिडवे विमानतळाचे उदाहरण बोलके आहे: त्याचा स्वतःचा वर्ग 'सी' असून तो शेजारच्या ओ'हेअर विमानतळाच्या 'बी' वर्गाच्या तळाखाली आहे. न्यूयॉर्कजवळच्या टीटरबरो विमानतळावर उतरणारी व्यावसायिक जेट विमानेही अशाच छायेत उतरतात. तिथे नेहमी जाणाऱ्या वैमानिकांना २०० नॉटांची मर्यादा उतरण्याच्या वेळी हमखास लागू होणार हे ठाऊक असते आणि ते फ्लॅप तयार ठेवूनच येतात. गफलत होते ती मोठ्या विमानतळांवर, जिथे बहुतेक वेळा विमान आतच राहते आणि म्हणून उरलेल्या वेळांचा विचार सुटतो.

परवानगी आणि तिच्या मर्यादा

नियंत्रकाने वेग वाढवायला सांगितले म्हणजे मर्यादा आपोआप उठली, असाही एक समज आढळतो. १०,००० फुटांखालची २५० नॉटांची मर्यादा उठवण्याचा अधिकार अमेरिकेत नियंत्रकाला नाही; 'शक्य तितक्या वेगाने या' या सूचनेचा अर्थ कायद्याच्या आत शक्य तितक्या वेगाने असाच घ्यायचा असतो. तळाखालच्या २०० नॉटांच्या बाबतीतही, 'सी' आणि 'डी' वर्गांच्या उलट, नियंत्रकाच्या परवानगीची सवलत मूळ नियमात ठेवलेली नाही. कायद्याने एक अपवाद मात्र शहाणपणाने राखला आहे: एखाद्या विमानाला सुरक्षितपणे उडण्यासाठी लागणारा किमान वेगच मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर त्याने तो किमान वेग ठेवावा. इंधनाने भरलेल्या बोइंग ७४७ ला उड्डाणानंतर फ्लॅप आत घेतल्यावर २५० पेक्षा जास्त वेग लागतो, तेव्हा वैमानिक तसे नियंत्रकाला कळवून हा अपवाद वापरतो.

समुद्रावर ही शीव आणखी विचित्र वळण घेते. अमेरिकेच्या किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे, तिथल्या 'ई' वर्गाच्या, म्हणजे वरील चार वर्गांत न मोडणाऱ्या पण नियंत्रित आकाशात, अमेरिकेत नोंदलेल्या विमानांना १०,००० फुटांखालची २५० नॉटांची मर्यादा लागू होत नाही. पण तोच भाग एखाद्या 'बी' वर्गाच्या तळाखाली येत असेल तर २०० नॉटांचे बंधन तिथेही पाळण्याची अपेक्षा असते. जमिनीवरच्या आकाशातही सवलत देऊन पाहिली गेली: ह्यूस्टन येथे १९९७ मध्ये उड्डाण करणाऱ्या विमानांना 'बी' वर्गाच्या आत २५० ची मर्यादा उठवून पाहण्याचा प्रयोग सुरू झाला होता आणि नंतर तो थांबला. अशा सवलतींविरुद्धचा एक आक्षेप पक्ष्यांचा आहे: पक्षी बहुतेक कमी उंचीवरच असतात आणि आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे २५० ऐवजी ३०० नॉटांवर आदळलेला तोच पक्षी जवळपास दीडपट जोराने काच किंवा इंजिनावर आपटतो.

भारताच्या आकाशातील हद्दी

भारतात 'बी' वर्गाची उलटी उतरंड नाही आणि लहान खासगी विमानांची गर्दीही अमेरिकेइतकी नाही; इथल्या हद्दींचा प्रश्न मुख्यतः लष्करी आणि नागरी आकाश यांच्या वाटणीतून निघतो. पुण्याचा लोहगाव हवाई दलाचा तळ आहे आणि गोव्याचा दाबोळी नौदलाचा. दोन्ही ठिकाणी प्रवासी विमानांना लष्करी नियंत्रकांच्या आज्ञेनेच उतरावे लागते. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचे आयएल-७६ यांची टक्कर होऊन ३४९ लोक मेले. त्या वेळी दिल्लीला येणारी आणि तिथून जाणारी विमाने एकाच पट्ट्यातून, फक्त उंचीच्या फरकाने, एकमेकांना ओलांडत असत, कारण आजूबाजूचे बरेच आकाश हवाई दलाकडे होते. कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायचे होते आणि ते १४,००० फुटांपर्यंत, म्हणजे दुसऱ्या विमानाच्या उंचीत, उतरले. हद्द इथे आडवी नव्हती तर उभी होती, आणि फरक अवघ्या १,००० फुटांचा होता. या अपघातानंतर येण्याचे आणि जाण्याचे मार्ग वेगळे केले गेले आणि टक्कर टाळणारी यंत्रणा भारताच्या आकाशात सक्तीची झाली.

डोळ्यांवरचा भरवसा किती फसवा असतो हे मुंबईनेही पाहिलेले आहे. जुहूचा लहान धावपट्टीचा विमानतळ सांताक्रूझच्या मोठ्या विमानतळापासून अगदी जवळ असल्यामुळे १९५३ मध्ये ब्रिटिश कंपनीचे कॉमेट आणि १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचे डीसी-८ अशी दोन मोठी विमाने चुकून जुहूला उतरली. धावपट्टी दिसत होती. ती कोणती, एवढेच चुकले होते.

फुटांचा हिशेब

२९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळाजवळ पीएसए एअरलाइन्सचे प्रवासी विमान आणि लष्कराचे ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन ६७ जण मेले. हे ठिकाण 'बी' वर्गाच्या आत, नियंत्रकाच्या देखरेखीखाली होते. नदीवरून जाणाऱ्या हेलिकॉप्टर मार्गाची कमाल उंची त्या टप्प्यात २०० फूट ठरवलेली होती, आणि हेलिकॉप्टरच्या रेडिओ उंचीमापकाची टकरीच्या वेळची नोंद २७८ फुटांची निघाली. त्याच जातीच्या हेलिकॉप्टरांवर घेतलेल्या चाचण्यांत हवेच्या दाबावर चालणारे उंचीमापक खऱ्या उंचीपेक्षा कमी आकडा दाखवत असल्याचे आढळले. मुळात हा मार्ग आणि त्यावरून उतरणारी विमाने यांच्यातले अंतर काही ठिकाणी ७५ फुटांइतके कमी राहू शकत होते, हे तपासात स्पष्ट झाले. इथे हद्द कागदावर होती, सर्वांना ठाऊकही होती. पण ती इतकी बारीक आखलेली होती की माणसाच्या आणि उपकरणाच्या स्वाभाविक चुकीला तिच्यात जागाच उरलेली नव्हती.

अशा फटी अपघाताआधीच शोधण्याचा एक मार्ग १९७६ पासून अमेरिकेत रुजला आहे. आदल्या दोन वर्षांत, १ डिसेंबर १९७४ रोजी, टीडब्ल्यूएचे एक बोइंग ७२७ वॉशिंग्टनजवळ डोंगरावर आदळून ९२ लोक मेले होते. उतरण्याची परवानगी मिळाली म्हणजे लगेच खालच्या उंचीवर यायला हरकत नाही, असा अर्थ वैमानिकांनी घेतला होता, आणि त्या टप्प्यात उंची कोणी सांभाळायची याबद्दल वैमानिक व नियंत्रक यांची समजूत वेगवेगळी होती. त्यानंतर नासाच्या देखरेखीखाली अशी यंत्रणा उभी राहिली की जिच्याकडे वैमानिक किंवा नियंत्रक आपली चूक स्वतः कळवू शकतो. ती जाणूनबुजून केलेली नसेल आणि ठरावीक मुदतीत कळवली असेल तर काही अटींवर त्याला दंड माफ होतो, आणि नावे काढून टाकून ती माहिती सर्वांसाठी खुली होते. हद्द नकळत ओलांडल्याच्या आणि वेग राहून गेल्याच्या चुकाही या वाटेने उजेडात येऊ शकतात, आणि एकाच ठिकाणी त्या पुन्हा पुन्हा होत असतील तर दोष माणसाचा की आखणीचा, हे पडताळता येते.

उपायही त्याच दिशेने शोधावे लागतात. वैमानिकाला प्रत्येक विमानतळाची उतरंड पाठ करायला सांगून फारसे साधत नाही. उतरण्याचे ठरावीक मार्गच असे आखता येतात की विमान तळाच्या वरच राहील, गर्दीच्या मार्गांप्रमाणे तळ खाली आणता येतो, आणि मार्गाच्या तक्त्यावरच त्या त्या बिंदूला वेगाचा आकडा छापला की तो उड्डाण संगणकात आपोआप उतरतो. तरीही नजरेच्या आधारे उतरताना शेवटचे काही मैल माणसाचेच राहतात, आणि तिथे उपयोगी पडतो तो उतरण्याआधीच्या चर्चेत एका वैमानिकाने दुसऱ्याला विचारलेला साधा प्रश्न: इथे तळ कितीवर आहे? उत्तर माहीत नसेल तर आधीच २०० नॉटांखाली यावे, हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. त्याची किंमत म्हणजे थोडे जास्त इंधन आणि अर्धा-पाऊण मिनिट. प्रवाशाच्या कानावर त्यातले फक्त फ्लॅप जरा लवकर सरकल्याची घरघर येते.